पोटभर पगाराचा इतिहास: देहूच्या दुष्काळापासून चाकणच्या लठ्ठपणापर्यंत

१/ चाकण म्हटले की इतिहासप्रेमींना १६६० सालचा संग्रामदुर्ग आठवतो, आणि शायिस्तेखानाच्या वेढ्यात जवळपास दोन महिने तो लढवणारे फिरंगोजी नरसाळा आठवतात. आज त्या गढीभोवती मोटारींच्या कारखान्यांचे जाळे पसरले आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यापुढे, देशातील इतर औद्योगिक शहरांप्रमाणेच, लठ्ठपणाचा प्रश्न उभा आहे. प्रश्न वैद्यकीय वाटतो. पण त्याची मुळे मजुरी, धान्य आणि किमती यांच्या इतिहासात आहेत. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ आरंभ भुकेपासून करावा लागतो. पिंपरी-चिंचवडला लागूनच देहू आहे. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ही एका घराची आपत्ती नव्हती. मावळचा पाऊस जिथे ओसरतो, त्या खेड-शिरूरच्या पर्जन्यछायेतील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या अपुऱ्या अन्नावर कष्ट केले. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी तर अवघा दख्खन हादरला.

३/ माणसाला काम करण्यासाठी किमान किती अन्न लागते, हा प्रश्न सरकारी दप्तरात आला तो याच दुष्काळांमुळे. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरील मजुरी घटवली. दिवसाला सुमारे एक पौंड धान्य घेता येईल इतका दर आणि वर किरकोळ पैसे, एवढेच मजुराच्या हाती पडू लागले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे एक पौंड धान्यावर भागेल, असे सरकारचे गणित होते. इतिहासात ही मजुरी ‘टेंपल वेज’ म्हणून बदनाम झाली.

४/ मुंबई इलाख्यातील मजुरांनी या दराविरुद्ध काम बंद केले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, तेव्हा सभेचे चिटणीस होते. मद्रासेतील आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही हा शिधा अपुरा असल्याचे ठामपणे सांगितले. मजुरी आणि शरीर यांचा संबंध असा सार्वजनिक वादाचा विषय झाला.

५/ विसाव्या शतकात या प्रश्नाला शास्त्राची भाषा मिळाली. दक्षिणेत कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांनी भारतीय आहाराचा अभ्यास केला. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचेही ते सदस्य होते. मोजमापाचे एकक आता धान्याचा पौंड राहिले नव्हते. त्याची जागा उष्मांकाने, म्हणजे कॅलरीने घेतली होती.

६/ जुलै १९५७ मध्ये दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. गरजेवर आधारित किमान वेतन कसे ठरवावे, यावर तिथे एकमत झाले. मध्यम श्रमाच्या प्रौढ व्यक्तीला आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे रोज २,७०० उष्मांक, कुटुंबात तीन ‘उपभोग एकके’, चौघांसाठी वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के.

७/ चौघांच्या कुटुंबात तीन एकके कशी? पुरुष १, स्त्री ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, अशी बेरीज रूढ झाली. स्त्रीचे शरीर हिशेबात पुरुषाच्या चार पंचमांश धरले गेले. तरीही हे सूत्र कामगार चळवळीला मोठा आधार ठरले. सार्वजनिक सभेने मांडलेल्या प्रश्नाला ऐंशी वर्षांनंतर स्वतंत्र देशाने दिलेले ते उत्तर होते.

८/ कायदेही त्याच जाणिवेतून आले. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह चालवण्यास भाग पाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आजची कंपनी कँटीन त्या कलमाची संतती. त्याच वर्षी कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि कामगाराच्या आजारपणाचा खर्च वर्गणीतून उभारण्याची सोय झाली. उपाशी कामगार आणि संसर्गाने अंथरूण धरलेला कामगार, हे दोन्ही प्रसंग कायद्याने डोळ्यांपुढे ठेवले होते.

९/ पिंपरीचा पहिला मोठा कारखानाही संसर्गाशी लढण्यासाठीच उभा राहिला. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. सार्वजनिक क्षेत्रातला औषधनिर्मितीचा हा पहिला कारखाना. पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. न्यूमोनिया आणि जखमांमधील संसर्ग हे तेव्हाचे शत्रू होते. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील असे रोग त्या काळच्या आरोग्यधोरणात दूरच होते.

१०/ १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. साठच्या दशकात आकुर्डीत बजाज ऑटो आणि पिंपरीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, यांनी पाय रोवले. गावांची १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली.

११/ याच काळात पुण्यात आणखी एक ऐतिहासिक मोजणी झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला ग्रंथ मांडला. रोज २,२५० उष्मांकांचा आहार ज्या खर्चात मिळतो, तिथे त्यांनी गरिबीची रेषा ओढली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती दरमहा, दरडोई ग्रामीण भागात १५ रुपये आणि शहरात २२.५० रुपये होती.

१२/ पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. परदेशातून आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामांवरची सुकडी आजही वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली. वेतनाचे सूत्र, दारिद्र्यरेषा, रेशन आणि रोजगार हमी या चौघांचा रोख एकाच दिशेला होता: उष्मांक कमी पडू नयेत. त्या काळाची निकड पाहता ते योग्यही होते.

१३/ या हिशेबात एक रकाना मात्र कधीच उघडला गेला नाही. उष्मांक कशातून येतात? डाळ, दूध, भाजी यांतून, की पीठ, साखर आणि तेलातून? शिवाय हे उष्मांक ज्या शरीरात जातात, ते शरीर कसे घडले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातला एक महत्त्वाचा टप्पा पुणे जिल्ह्यातच गाठला गेला.

१४/ पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जिल्ह्यातील सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे संशोधक त्यांच्यासोबत होते. तिथल्या डेव्हिड बार्कर यांनी कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे हृदयरोगाचा धोका अधिक असतो, हे इंग्लंडमधल्या जुन्या जन्मनोंदींवरून दाखवले होते. पुण्याच्या अभ्यासात सुमारे ८०० गरोदरपणांची बारकाईने नोंद झाली.

१५/ या गावांतील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुणे जिल्ह्यातील बाळे सडपातळ होती, त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने घटलेली नव्हती. २००३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ’ ही कल्पना जगभर पोहोचली. टंचाईत वाढणारे शरीर स्नायूंवर काटकसर करते आणि चरबी जपते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

१६/ त्याच गावांतला दुसरा निष्कर्ष आयक्रॉइड यांच्या सूत्राच्या मर्मावर बोट ठेवतो. बाळाच्या आकाराचा संबंध आईने घेतलेल्या एकूण उष्मांकांशी दिसला नाही. तो दिसला पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. अनेक मातांत जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता होती. गरोदरपणात शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या स्त्रियांची बाळे अधिक लहान होती. ताटात उष्मांक किती, याहून ते कशातून आले, हे निर्णायक ठरत होते.

१७/ २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते शरीर बाळगून असते, हे एका छायाचित्राने जगाला पटवले.

१८/ आता अर्थशास्त्राकडे वळू. टॉमस फिलिपसन आणि रिचर्ड पोझनर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक सोपा युक्तिवाद मांडला. तंत्रज्ञानाने अन्न स्वस्त होते आणि कामातले श्रम घटतात. शेतात किंवा ओतशाळेत राबणाऱ्याला घाम गाळण्याचा मोबदला मिळत असे. बैठे काम करणाऱ्याला तोच घाम गाळण्यासाठी पैसे आणि वेळ खर्चावा लागतो. उष्मांक मिळवणे स्वस्त, जाळणे महाग.

१९/ या पट्ट्याचा इतिहास म्हणजे या युक्तिवादाचे उदाहरणच. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. १९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाजने चेतक स्कूटर आणली आणि मध्यमवर्गाची पायपीट कमी झाली. पुढे २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, २०१० मध्ये महिंद्र, असे मोठे प्रकल्प चाकण परिसरात सुरू झाले. आधुनिक मोटार कारखान्यात वेल्डिंगचा मोठा भाग यंत्रमानव करतात. जुन्या ओतकामाचे श्रम आणि आजच्या जुळवणी साखळीवरचे श्रम सारखे नाहीत. आजचे काम थकवते, पण त्यात उष्मांक तितके जळत नाहीत.

२०/ ‘लोक जास्त खाऊ लागले म्हणून लठ्ठ झाले’ हे स्पष्टीकरण भारतात अपुरे पडते. अँगस डीटन आणि ज्याँ ड्रेझ यांनी २००९ मध्ये दाखवले की १९८३ ते २००४-०५ या काळात ग्रामीण भारतातील दरडोई उष्मांक सुमारे १० टक्क्यांनी घटले होते, आणि तेही उत्पन्न वाढत असताना. श्रम घटल्याने गरज कमी झाली असावी, असे त्यांचे एक स्पष्टीकरण होते. स्निग्ध पदार्थांचे सेवन मात्र वाढत होते.

२१/ स्निग्ध पदार्थ का वाढले, याचे उत्तर किमतींत आहे. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि पुढील काही वर्षांत शुल्कही उतरले. एकेकाळी रेशनच्या रांगेत मिळणारे पामतेल आता फरसाण, बिस्किटे आणि गाडीवरच्या तळणीत सर्रास आले. १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याच्या वाटेवर राज्यभर कारखाने उभे राहिले. उसाला किमान दर, गहू-तांदळाला सरकारी खरेदी; भाजी, फळे यांना तसा आधार नाही. चाकणच्या बाजारातला कांदा-बटाटाही दरवर्षी भावाच्या हेलकाव्यांवर असतो.

२२/ २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. भुकेविरुद्ध ही मोठी ढाल आहे. पण रेशनकार्ड गावी आणि नोकरी चाकणला, अशा एकट्या कामगाराचे जेवण खानावळ, कँटीन आणि गाडी यांच्यावर बेतलेले असते. पाळी बदलली की झोप आणि जेवणाची वेळ बदलते. दहा बाय दहाच्या खोलीत डाळ शिजवायला लागणारा वेळ हीसुद्धा किंमतच असते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा ती किंमत वाचवतो.

२३/ हा बदल सरकारी आकड्यांत दिसतो. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी १० टक्क्यांहून अधिक वाटा पेये आणि प्रक्रिया केलेल्या अन्नाचा होता. अन्नावरील खर्चात तोच गट सर्वांत मोठा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २५ किंवा त्याहून अधिक बीएमआय असलेल्या स्त्रिया २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पुरुषांचे प्रमाण ९.३ वरून सुमारे २३ टक्क्यांवर गेले.

२४/ खरा आकडा याहून मोठा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध होण्याची सूचना केली. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ ला अतिवजन आणि २५ ला लठ्ठपणा मानले. याज्ञिक यांचा २२.३ तर त्याही खाली होता. दारिद्र्यरेषेचे जे झाले तेच इथेही होते: रेषा कुठे ओढली, यावर किती माणसे ‘दिसतात’ हे ठरते.

२५/ मग खर्च कोण सोसतो? मधुमेह आणि रक्तदाब पंधरा-वीस वर्षांनी दार ठोठावतात. तोवर कंत्राटी कामगाराने अनेक ठेकेदार बदललेले असतात. पुड्याच्या किमतीत तो खर्च नसतो, पाळीच्या वेतनातही नसतो. राज्य विमा योजनेचे छत्र २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला आहे. वेतन त्यावर गेले किंवा काम सुटले, की पालिकेच्या रुग्णालयाची रांग किंवा घरची पुंजी उरते. अर्थशास्त्र याला बाह्यव्यय म्हणते: विक्री एकाची, भुर्दंड दुसऱ्याचा.

२६/ उपाय म्हणून जगाने कर वापरून पाहिला. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड उपाहारगृहांतील बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के ‘चरबी कर’ लावला. पुढच्या वर्षी तो जीएसटीत विरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शीतपेयांवर ४० टक्के कर आहे. त्याच दिवशी बिस्किटे आणि नमकीन यांच्यावरचा कर ५ टक्क्यांवर आला, आणि छोट्या मोटारी व बहुतेक दुचाकी यांच्यावरचा २८ वरून १८ टक्क्यांवर. चाकणच्या रोजगाराला त्याने बळ मिळाले. शरीराच्या हिशेबात मात्र चालणे आणखी महाग आणि पुडा आणखी स्वस्त झाला.

२७/ आणि १९५७ चे सूत्र? वेतन संहितेच्या नियमांच्या मसुद्यात २,७०० उष्मांकांचाच आधार कायम राहिला. २०२० च्या शास्त्रीय शिफारशींनुसार मध्यम श्रमाच्या पुरुषाला २,७१० उष्मांक लागतात, म्हणजे आयक्रॉइड यांचा अंदाज आश्चर्यकारकरीत्या अचूक होता. पण बैठे काम करणाऱ्याला २,११० पुरतात. माणूस बैठा झाला, सूत्र उभ्यानेच राहिले.

२८/ यावरून वेतन कमी करावे असा निष्कर्ष काढणे म्हणजे टेंपलच्या वाटेने परत जाणे. दिशा वेगळी आहे. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये किमान वेतनासाठी २,४०० उष्मांकांसोबत ५० ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थही मोजावेत, असे सुचवले. प्रथिनांचा उष्मांक पिठाच्या उष्मांकाहून महाग असतो. म्हणून उष्मांक घटले तरी ताटाची किंमत घटेलच असे नाही.

२९/ १८७७ मध्ये प्रश्न होता, मजुराला जगायला किती धान्य लागते. १९५७ मध्ये प्रश्न झाला, किती उष्मांक लागतात. पुणे जिल्ह्यातील सहा गावांनी तिसरा प्रश्न पुढे ठेवला: ताटात काय आहे, आणि त्याआधी आईच्या ताटात काय होते? वेतन, रेशन, कँटीन आणि कर या चारही ठिकाणी हा प्रश्न अजून दारातच उभा आहे. चाकणमध्ये आज कामाला लागलेल्या विशीतल्या पिढीचे आरोग्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

(धागा समाप्त)